आजोबांचं माप

रेवा, ईशान,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या आजोबांना नाही, तुमच्या आईलाही नाही. आज लिहिते आहे, कारण मागच्या रविवारी फोनवर ईशानने स्वतः ठोकलेली फळी दाखवली. ती एका बाजूला उतरली होती. तुमची आई हसून म्हणाली, "आजोबांचं माप!" तुम्ही दोघं हसलात. आणि मीही हसले.

घरात काही वाकडं झालं, बसेना झालं, की तुम्ही हेच म्हणता. ही म्हण कुठून आली ते तुम्हाला अर्धंच ठाऊक आहे. उरलेलं अर्धं माझ्याकडे आहे. हाच कागद तुमच्या आईलाही पाठवते आहे, एकही शब्द न बदलता.

आजोबा इंदूरच्या एका कापड मिलच्या वर्कशॉपमध्ये फोरमन होते. मिल बंद झाली. एका दिवसात नाही — आधी एक पाळी गेली, मग दुसरी, मग भोंगा वाजायचा थांबला. मी शाळेत इंग्रजी शिकवत होते, त्यामुळे चूल थांबली नाही. पण सकाळी डबा घेऊन निघणारी आता मी होते आणि दारात उभे राहणारे ते.

तुमची आई तेव्हा कॉलेजात होती आणि एअर रायफलची नेमबाजी करायची. ती डावखुरी. क्लबने तिला वापरायला दिलेल्या जुन्या रायफलचा कुंदा — म्हणजे खांद्याला आणि गालाला टेकतो तो लाकडी भाग — उजव्या हाताच्या माणसासाठी घडवलेला. मान वाकडी करून ती नेम धरायची. एक दिवस आजोबांनी हे क्लबात जाऊन पाहिलं आणि घरी येऊन म्हणाले, "मी करतो हिच्यासाठी."

जवळच्या हातोद गावी त्यांच्या एका स्नेह्याकडे माळ्यावर शिसवाची फळी वर्षानुवर्षं वाळत पडली होती. ती आणली. मागच्या ओसरीत पाट मांडून बसले. आधी कागदावर आकृती, मग पुठ्ठा, मग हलक्या लाकडाचा नमुना. गालाची जागा ठरवायला त्यांनी माझ्याकडून मळलेली कणीक मागून घेतली, नमुन्यावर थापली आणि लेकीला म्हणाले, "टेकव गाल. हसू नकोस, माप हसरं येईल." ती हसलीच. पुन्हा थापावी लागली. मी स्वयंपाकघरातून ओरडले, "अहो, त्या कणकेच्या पोळ्या व्हायच्या होत्या!"

मिल बंद झाल्यापासून ते पहिल्यांदाच शीळ घालत होते. मला ते बघवत नव्हतं — हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

शेजारचे गुप्ताजी कुंपणावरून वाकून बघायचे. "क्या भिया, अब फर्नीचर की दुकान?" आजोबा म्हणायचे, "हां भिया, पहला पलंग आपका." दोघं खो खो हसायचे. मी मात्र आत जायची. शाळेतल्या बायका विचारायच्या, मिस्टर सध्या काय करतात? मी सांगायची, कन्सल्टिंग. तो शब्द तेव्हा नवा होता आणि त्यात बरंच काही लपायचं. माझा नवरा ओसरीत भुशात बसून रंधा मारतो, हे सांगायची मला लाज वाटायची. माझ्या भावाने पीथमपूरच्या एका कारखान्यात त्यांच्यासाठी स्टोअरची नोकरी बघून ठेवली होती. आजोबा म्हणत, "स्टेटची स्पर्धा होऊ दे. क्लबातल्या दोघांनी कुंदे मागितलेत. यातूनच काही उभं राहील." त्यांना ते खरंच दिसत होतं. आणि मला दिसत होती दारावरची पाटी, पाटीवर आमचं आडनाव, त्याखाली लाकूडकाम.

आता येते तिथे. कुंदा तयार झाला. देखणा होता. बाहेरून तेल पिऊन काळसर चमकत होता. आतली खाच, जिथे रायफलचं लोखंड बसतं, ती त्यांनी शेवटपर्यंत तासली होती. तिथे अळशीच्या तेलाचा एक हात त्यांनी दिला. आणखी दोन हवे होते, मध्ये वाळू देऊन. तेवढ्यात उज्जैनहून निरोप आला, त्यांच्या बहिणीच्या घरी आजारपण होतं. निघताना मला म्हणाले, "आतून दोन हात देशील? राहिलं तर पावसाळी हवेत लाकूड फुगेल, लोखंडाला दाबेल. नेम सरकेल." मी म्हटलं, देते. त्यांनी दुसऱ्यांदा बजावलं नाही. मी कधी काही विसरते का? घरात सगळ्यांना माहीत होतं, मी विसरत नाही.

विसरले असते तर हा कागद लिहिला नसता.

मी ओसरीत गेले. बाटली उघडली, फडकं घेतलं. आणि मग बाटलीतलं तेल मोरीत ओतलं — दोन हातांना लागलं असतं तेवढं, अंदाजाने. फडकंही तेलात बुडवून पिळून दोरीवर वाळत टाकलं. इतकं नीटनेटकं केलं. तुमच्या आईचं काय होईल, हा विचार आला होता का? आला होता. तिच्यापुढे अजून पुष्कळ स्पर्धा आहेत, असं मी स्वतःला सांगितलं.

राज्य स्पर्धा भर श्रावणात होती. सुरुवातीच्या गोळ्या बरोबर गेल्या, मग सरकू लागल्या. ती नेम जुळवायला रायफलवरची साइट फिरवायची, गोळ्या पुन्हा सरकायच्या. निवड झाली नाही. बसने परत येताना ती बापाच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपल्यासारखी करत होती, आणि ते खिडकीतून बाहेर बघत होते.

घरी आल्यावर त्यांनी कुंदा सोडवला. खाचेत बोट फिरवलं. मग मला विचारलं, अगदी साधं, रागाने नाही — "सुधा, दोन्ही हात दिले होतेस ना?"

त्या क्षणी खरं सांगता आलं असतं. मी म्हटलं, "दिले होते. बाटली बघा ना."

त्यांनी बाटली बघितली नाही. म्हणाले, "मग माझंच माप चुकलं."

क्लबातल्या त्या दोघांना त्यांनी जमणार नाही म्हणून कळवलं. पटाशा आणि रंधे जुनी इंदूर भागातल्या एका सुताराला देऊन टाकले. पीथमपूरची नोकरी घेतली. मला हवं होतं तसं सगळं झालं. नंतर घरातलं एखादं दार फुगलं तरी ते सुताराला बोलवायचे आणि म्हणायचे, "मला मापाचं कळत नाही." आधी हे ते गंभीरपणे म्हणायचे. मग तुमच्या आईने त्याची थट्टा केली, त्यांना बरं वाटावं म्हणून. मग तेही थट्टेत सामील झाले. मग तुम्ही. तिने पुन्हा रायफल धरली नाही. आजोबा गेले तेव्हाही ते आपलंच माप चुकलं असं मानत होते.

कदाचित तेलाने फरक पडला नसता. कदाचित ती त्या दिवशी घाबरली असेल. हे मला कधीच कळणार नाही, आणि त्यांनाही मी ते कळू दिलं नाही.

रायफल क्लबाला परत गेली. कुंदा माझ्या लोखंडी कपाटात आहे, चादरीत गुंडाळलेला. पावसाळ्यात आतून किंचित फुगतो, थंडीत परत बसतो. तो वाकलेला नाही. त्याला कुठेही चीर नाही.