दुकानातून तीनदा उठून येणारे मामा

दुकानदाराने सांगितलेल्या भावात आमच्या मामांनी घेतलेली एकही वस्तू अख्ख्या जबलपुरात सापडली नसती, अगदी परवापरवापर्यंत. त्यांचा नियमच होता, दुकानातून तीनदा उठून यायचं आणि चौथ्यांदा जाऊन घ्यायचं, मग तो कुकर असो की पायातली चप्पल. कमानिया गेटजवळचा साडीवाला तर त्यांना पाहताच आपल्या धाकट्या भावाला बजावायचा, "चाय मत मँगाना, अभी पहली बार आए हैं." मामींच्या साठीची साडी अशी एकसष्टीला घरी आली. मामांना त्याचं काही नाही. "वस्तू कोणीही पाहते रे, मी दुकानदाराचा दम पाहून राहिलो असतो," म्हणायचे. एकेकाळी नात्यात लग्न ठरलं की खरेदीसाठी आधी मामांची सवड विचारत. आता सगळ्यांच्या वस्तू मोबाईलवरून दारात येतात आणि मामा गढा मोहल्ल्यातल्या आपल्या घराच्या ओट्यावर बसून दुसऱ्यांची खोकी जाताना बघतात.

म्हणूनच माझी बारा वर्षांची लेक पियानो शिकायचं ठरवून त्यांना म्हणाली, "मामाआजोबा, कीबोर्ड घ्यायला तुम्हीच चला ना, मुझे कुछ समझता नहीं," तेव्हा मामा सकाळी सातलाच बूट घालून तयार. दुकान उघडायचं अकराला. बजेट बेताचं होतं. शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं होतं, एकसष्ट पट्ट्या हव्यात, पूर्ण रुंदीच्या, आणि हळू दाबली तर हळू, जोरात दाबली तर जोरात वाजायला हवी. मामांनी हे तोंडपाठ केलं. पहिल्या दुकानदाराने कौतुकाने तीनशे आवाज ऐकवले, त्यात एक कुत्र्याच्या भुंकण्याचा. मामा म्हणाले, "हा काहून विकत घ्यायचा? आमच्या गल्लीत फुकट आहे." पुढच्या दुकानात मात्र मनासारखा सापडला. मामांनी एक पट्टी हळूच दाबली, मग रागावून दाबली, आणि खूश होऊन म्हणाले, "हे ऐकते बरं का बोटाचं!" लेकीचा चेहरा असा फुलला की मी पाकिटाला हात घातला. तेवढ्यात मामा उठले. "चलो."

आठवड्यात असे तीनदा उठलो. चौथ्यांदा गेलो तर दुकानदार म्हणाला, "अंकल, वो तो सुबह निकल गया. एक ही पीस था." रिक्षात लेकीने मोबाईल काढला आणि अगदी साध्या आवाजात म्हणाली, "रहने दो मामाआजोबा, ऑनलाइन मंगा लेते हैं." मामा नुसतं "अच्छा" म्हणाले. गढ्यात उतरताना मात्र मला हळूच म्हणाले, "म्हणजे आता माझं काही काम नाही म्हण." मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात रिक्षा थांबली. आत मामा, आणि त्यांच्या मांडीवर लांबलचक खोका. सिव्हिल लाइन्समधल्या एका दुकानात तोच कीबोर्ड मिळाला होता.

"कितीला सोडला?" मी विचारलं.

मामांनी इकडेतिकडे पाहिलं. "मागितले तेवढे दिले. उठलोच नाही. बजेटच्या वरचे माझ्याकडून. मामीले सांगू नको."

लेकीने वायर लावली आणि एक पट्टी हळूच वाजवून बघितली. मग मामांकडे वळून म्हणाली, "मामाआजोबा, बसायला स्टूल पण लागेल ना? कब चलेंगे?"

"स्टूल?" मामा खुर्चीत सरळ झाले. "स्टुलात घाई नाही करायची, पोरी. उंची पाहावी लागते, लाकूड पाहावं लागते."

घरात दोन स्टुलं रिकामी पडली होती आणि लेकीला ते चांगलं ठाऊक होतं. त्या दिवशी मला तिचा जेवढा अभिमान वाटला तेवढा तिच्या कुठल्या निकालाचाही वाटला नाही.

अजून ती पलंगाच्या काठावर बसूनच वाजवते. दर रविवारी मामा येतात आणि दोघं स्टूल बघायला बाहेर पडतात. ते लवकर मिळू नये, एवढंच मला वाटतं.