एका ‘रं’ची बंदी

दहिवलीतला माझा शेजारी मराठी टायपिंगचं एक फुकट सॉफ्टवेअर सांभाळतो. जगातल्या कुणीही त्यात दुरुस्ती करून पाठवावी, यानं ती तपासून घ्यावी. दुरुस्त्या पाठवणाऱ्यांशी कसं बोलायचं, याचे नियमही त्याचेच. पहिला नियम, अरेतुरे करायचं नाही. गडी मूळचा पोशीरचा. घरी म्हशीलाही ‘गं’ लावल्याशिवाय हाक मारत नाही.

परवा लोधिवलीच्या एका मास्तरांची चूक दाखवताना त्याच्या हातून ‘असं नाय रं’ लिहून गेलं. मास्तर उलट खूश झाले. यानं मात्र स्वतःविरुद्ध तक्रार नोंदवली, स्वतःची बाजू शांतपणे ऐकून घेतली, फेटाळली आणि माफी मंजूर होईपर्यंत स्वतःवर बंदी घातली.

सकाळी गॅलरीत हिरमुसून बसला होता.

“माफीनामा तयार हाय. पण मंजूर कोण करणार? अधिकार माझा, आन् मी बंदीत.”

“अरे, मग उठव की बंदी!” मी वैतागलो.

त्यानं दुःखानं माझं ‘अरे’ टिपून घेतलं.

“आता तुमालापण बंदी.”

मला त्या सॉफ्टवेअरमधलं ओ की ठो कळत नाही. तरी रोज सकाळी आम्ही दोघं गॅलरीत शेजारी शेजारी गप्प बसतो, बंदी उठायची वाट बघत.