खरं कारण सांगून मागितलेली तारीख

सत्तर सालानंतरच्या त्या वर्षांत, सांगलीच्या कोर्टात तारीख वाढवून हवी असली की आम्हा वकिलांचं पोट दुखायचं. माझं जरा जास्तच. खरं तर सकाळी अंथरुणातून उठावंसंच वाटत नसे. हे मी आज प्रथमच लिहितो आहे.

आमच्यातले एक वकील माझ्याहून वयानं मोठे होते. बोलण्याआधी कोटाच्या बाहीला चष्मा पुसायचे आणि "ऐका हं" म्हणून सुरुवात करायचे, मग समोर न्यायाधीश का असेनात.

एकदा तसेच उभे राहिले. "ऐका हं, साहेब. पोट ठणठणीत आहे, मन आजारी आहे. मिरजेला डॉक्टरांकडे जातो. तारीख द्यावी."

मी विरुद्ध बाजूचा वकील. कसंबसं "हरकत नाही" म्हणालो.

बाहेर त्यांचा कुंडलचा जुना पक्षकार आडवा आला. "आवं सायेब, येड्याच्या हाती जमीन दिली म्हनून गाव हसंल की मला!"

"ऐका हं, बापू. मोटर जळली तर विहिरीत ढकलता, की दुरुस्तीला नेता?"

"मोटर येगळी. माजी कागदं द्या."

त्यांनी दिली. मिरजेची बस मात्र चुकवली नाही.

पुढच्या खेपेला त्याच बसमध्ये मी त्यांच्याजवळ जाऊन उभा राहिलो.

"कोर्टात काय सांगून आलात?" त्यांनी विचारलं.

"खरं तेच."

"मग तुमचेही पक्षकार जातील," म्हणत त्यांनी सरकून जागा दिली.

काही गेलेही. औषध मात्र आम्ही दोघांनीही सोडलं नाही.