शरफूच्या नावाची गाणी

नसरुद्दीनचाचाने आखातात, अल सुलैच्या गोदामात तीस वर्षं सिमेंटची पोती उचलली. सुट्टीच्या दिवशी तो खोलीवर तुपाचा रिकामा डबा वाजवत गायचा. तेव्हा पत्राऐवजी कॅसेट भरून घरी धाडायची रीत होती. चाचाने गाण्यांच्या अकरा कॅसेटी दापोलीला बायकोला, शरफुन्निसाला, धाडल्या. पुढे सिमेंटच्या धुळीने त्याचा गळाच गेला.

"कॉम्प्युटरवर घेऊन देतो," म्हणत गावच्याच शारीकने सुट्टीवर गेला असताना शरफुन्निसाकडून त्या कॅसेटी नेल्या आणि गाणी स्वतःची म्हणून यूट्यूबवर चढवली. चाचा म्हणाला, "जाऊ दे रे." पण पुतण्या तौकीर चाचाच्याच ताटात जेवून वाढलेला. तो कसला जाऊ देतोय!

शुक्रवारी अल सुलैतल्या कोकणवाल्यांची दावत होती. शारीक माइक धरून नुसते ओठ हलवत होता, मागे चाचाचा आवाज वाजत होता, "विहिरीचा दोर बदल गो शरफू, मी येतंय ईदेला..."

तौकीर उठला. "शारीकभाई, गाणं तुमचंच ना?"

"मग कुणाचं? बायकोसाठी लिवलंय."

"वहिनीचं नाव तर अदिबा. ही शरफू कोण?"

बायकांत हशा पिकला. अदिबा तेवढी हसली नाही. "हां, कोण ती?" तिने विचारलं.

एवढ्याने तौकीरचं पोट भरलं नाही. त्याने चाचाला पुढे बसवलं, मांडीवर डबा दिला आणि शारीककडे वळला. "आता माइक धर. हात खाली आला तर बघ."

चाचाचा फाटका आवाज चार कडवी चालला. शारीक शेवटपर्यंत वाकून माइक धरून होता.