आत्याच्या करडईचा आलेख

आमच्या अख्ख्या भावकीत कॉलेजात गेलेली मी पहिली, आणि हे मी कुणी विचारायच्या आत सांगून टाकते. दौंडजवळ राहू गावात आमची शेती, ऊस आणि कांदा. बी.एस्सी. दौंडला केली, एम.एस्सी.ला शिरूर गाठलं. रसायनशास्त्र. शेवटच्या वर्षाला प्रोजेक्ट असतो. कुणाला औषधं मिळाली, कुणाला रंग. मला सरांनी विषय दिला: आपल्या भागातल्या तेलांत, चरबीत आणि बियांत ओलिक ॲसिड किती असतं ते बघायचं.

होस्टेलवरच्या पोरी हसल्या. म्हणाल्या, "आम्हाला केमिस्ट्री आणि तुला किराणा!"

घरी सांगितलं तर वडिलांनी चहाची बशी खाली ठेवली. "ॲसिड म्हंजी बॅटरीत घालत्यात त्ये?"

"ते न्हाई आप्पा. हे आपण रोज खातो. शेंगदाण्यात असतं, तुपात असतं."

"आन् मग पोट कसं जळत न्हाई?"

आता कार्बनची साखळी आप्पांना कशी सांगायची? दौंडचं रेल्वे यार्ड त्यांनी आयुष्यभर बघितलेलं, म्हणून गाडीच जोडली. म्हटलं, अठरा डब्यांची गाडी समजा. सगळे डबे एकेका कपलिंगनं जोडलेत, फक्त बरोबर मधोमध एका ठिकाणी डबल कपलिंग आहे. तिथं गाडी वाकते. हे झालं ओलिक ॲसिड. करडईच्या तेलात दुसरी गाडी जास्त असते, तिच्यात दोन ठिकाणी डबल कपलिंग. आणि जिच्यात एकही नाही ती सरळसोट गाडी, एकावर एक रचली जाते, म्हणून तूप थंडीत थिजतं.

आप्पांनी नीट ऐकून घेतलं आणि आईला हाक मारली, "आगं, पोरगी तेलातनं गाड्या सोडतीय!"

मग मी नमुने गोळा करत फिरले. आईनं म्हशीचं तूप दिलं. शेजारून तीळ आले, कारळ आलं, जवस आलं. शेंगदाणा तेल आमच्या गावच्याच घाण्यावरचं. बकऱ्याची चरबी आणायला दौंडच्या बाजारात गेले, तर दुकानदारानं विचारलं, "किलोभर मटण घ्या की ताई, चरबी फुकट देतो. नुसत्या चरबीचं काय करणार?"

"तपासणार."

"आजारी न्हवतं हो बकरं!"

त्या चरबीतही ओलिक ॲसिड भरपूर निघालं. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण आपल्या हातानं काढल्यावर वेगळंच वाटतं. घरी आले ती उड्या मारतच सांगितलं, की शेंगदाण्यात जे आहे तेच बकऱ्यात आहे, तसूभर फरक नाही. आमचे थोरले चुलते माळकरी. ते ओसरीवर जेवत बसले होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"म्हंजी मी इतकी वर्षं शेंगदाण्याची चटणी खाऊन बकरंच खाल्लं म्हन की!"

त्यांची समजूत घालण्यात माझी संध्याकाळ गेली. चुलतीनं मात्र तेवढ्यात आणखी चटणी वाढली.

करडई तेवढी राहिली होती. ती आमच्या बागाईत भागात कुणी पेरत नाही. शिरूर तालुक्यात पाबळला आत्या असते. तिकडं ज्वारीच्या रानाला कडेनं करडई टोचतात. करडईला काटे, म्हणून जनावर आत शिरत नाही. पीकही होतं आणि कुंपणही होतं. आत्या करडई घाण्यावर नेऊन वर्षाचं तेल काढून आणायची. मी एस.टी.नं गेले, प्रयोगशाळेची तपकिरी बाटली आत्याच्या हातात दिली आणि मामांबरोबर, म्हणजे आत्याच्या यजमानांबरोबर, रान बघायला गेले. परत येईपर्यंत बाटली गळ्यापर्यंत भरून, बुचाला फडकं बांधून, उंबऱ्याशी तयार.

"कॉलेजला न्यायचीय न्हवं? नीट धर. सांडू नगंस."

शिरूरला येऊन तपासणी लावली. तेलात डबल कपलिंग जितकी जास्त, तितकं ते तेल आयोडीन जास्त पितं. यावरून अंदाज येतो. करडई तर पट्टीची पिणारी. पण आत्याचं तेल थोडंसं प्यायलं आणि थांबलं. मी परत केलं. परत तेच. सरांना बोलावलं. सरांनी स्वतः केलं. तरी तेच.

सर टेबलाला टेकून उभे राहिले. मग हळूच म्हणाले, "यात ओलिक जास्त दिसतंय." आणि एकदम मोठ्यानं, "अगं, ही हाय-ओलिक करडई असली तर?"

अशी करडई आहे, संशोधकांनी मुद्दाम तयार केलेली. तिचं तेल टिकतं चांगलं, लवकर खवट होत नाही. पण पाबळच्या ज्वारीच्या कडेला, आत्याच्या घरच्या बियाण्यात, आपोआप? सरांचे डोळे चमकत होते. म्हणाले, "पुण्याच्या लॅबमध्ये सगळे नमुने पाठवू. तिथल्या मशीनवर प्रत्येक ॲसिड वेगळं दिसतं. तसंच निघालं तर नुसता प्रोजेक्ट नाही, पेपर लिहू. पहिलं नाव तुझं."

पहिलं नाव माझं! मला तर जिना उतरताना पायऱ्याच लागेनात. खाली आले आणि तशीच आत्याला फोन लावून मोकळी झाले.

आत्याला सांगितलं म्हणजे पाबळला सांगितलं. दोन दिवसांत मामांचा फोन. "आगं, गावच्या ग्रुपवर टाकलंय सगळं. सरपंच म्हंत्यात फ्लेक्स लावायचा चौकात. आत्याचा फोटो, आन् बाजूला करडईचं फूल. फक्त आत्याला फोटो पसंत पडंना. म्हंती, चष्म्याचा नको."

मागून आत्याचा आवाज, "आन् तुमचा टाकू नगा म्हनावं, करडई मी पेरलीय!"

मग पुण्याहून आलेख आले. प्रत्येक तेलाचा एक कागद, त्यावर डोंगरांसारखे उंचवटे. ज्याचा डोंगर मोठा ते ॲसिड जास्त. आत्याच्या करडईत ओलिकचा डोंगर खरोखरच मोठा होता. सर म्हणाले, "बघ!" मी बघितलं. आनंदानं बघितलं. पण बघता बघता माझी नजर कागदाच्या शेवटाला गेली. तिथं तीन-चार बारके उंचवटे होते, वारुळाएवढे. ते मला ओळखीचे वाटले.

होस्टेलवर जाऊन सगळे कागद खाटेवर पसरले. तीळ, कारळ, जवस यांची शेपटी जवळजवळ सपाट. आमच्या शेंगदाणा तेलाच्या कागदाला मात्र शेवटी तेच उंचवटे, त्याच जागी. शेंगदाण्यात काही लांबलचक गाड्या असतात, वीस, बावीस, चोवीस डब्यांच्या. त्या सगळ्यात शेवटी स्टेशनात येतात. करडईत त्यांचं नावसुद्धा नसायला पाहिजे, आणि इथं तर त्या रांगेनं उभ्या.

म्हणजे आत्याच्या तेलात शेंगदाणा होता.

प्रोजेक्ट द्यायला थोडेच आठवडे राहिलेले. सर पेपरच्या तयारीला लागलेले. तिकडं फ्लेक्स छापायला जायच्या बेतात. आणि हे खरं ठरवायचं तर आत्याला विचारायला हवं होतं. विचारायचं काय? "आत्या, तू तेलात भेसळ केलीस का?" असं आमच्यात आत्याला विचारणाऱ्या भाचीला पुढच्या दिवाळीला कुणी बोलावणार नाही.

सरांना कागद दाखवले. ते बराच वेळ दोन्ही शेपट्या शेजारी शेजारी धरून बसले. मग म्हणाले, "बरोबर आहे तुझं." आवाज उतरलेला होता, पण पुढचं वाक्य त्यांनी असं टाकलं, की मी ते अजून जपून ठेवलंय. "हे मला दिसायला हवं होतं. तुला दिसलं. आता पाबळला जा आणि बी आण."

पाबळला गेले. आत्यानं पुरणपोळी केलेली. शोध लावलेली भाची येणार म्हणून. दोन पोळ्या खाऊन होईपर्यंत विषय टाळला. शेवटी गोल गोल सुरुवात केली. "आत्या, त्या दिवशी तेल घाण्यावरनं आणल्यावर कोणत्या डब्यात ठेवलं होतंस? डब्यात आधीचं काही..."

"का गं? खराब निघालं?"

"न्हाई, खराब न्हाई. पण त्यात जरासा शेंगदाणा दिसतोय."

आत्या पोळी लाटत होती. लाटणं न थांबवता म्हणाली, "दिसंल न्हाई तर! मीच घातलाय."

"तू घातलास?"

"मग? नणंदंच्या पोरीच्या साखरपुड्याला तेल निम्मं गेलं माझं. तुझी बाटली अर्धीबी भरंना. आता अर्धी बाटली कॉलेजला धाडू व्हय? मास्तर काय म्हनले आसते, पाबळच्या लोकांस्नी धार धरता येत न्हाई? शेंगदाण्याचं चांगलं तेल हुतं, वरनं भरलं काठोकाठ." मग एकदम लाटणं थांबलं. "का? चालत न्हाई व्हय?"

मी हसायला लागले ते थांबेचना. ठसका लागला. मामा पाणी घेऊन धावले, त्यांनाही सांगितलं, तेही हसायला लागले. आत्या तेवढी गंभीर.

"आन् त्या शोधाचं?"

"शोध गेला आत्या."

"गेला म्हंजी? मी घातलेला शेंगदाणा तू कागदावर बघून वळखलास न्हवं? म्या सांगितलं नसताना? मग शोध न्हाई तर काय!" लगेच मामांकडं वळून, "अहो, फोन लावा सरपंचाला. फ्लेक्स थांबवा म्हनावं. चष्म्याचाच टाकणार हुते मेले."

आणि मग तिनं ठरवलं, की बी घेऊन ती स्वतःच येणार. आता कुणी तिच्या करडईवर बोट ठेवलेलं तिला चालणार नव्हतं. पेरणीसाठी राखलेल्या बियाण्यातलं पिशवीभर बी घेऊन, ठेवणीतली साडी नेसून, ती सकाळच्या एस.टी.नं माझ्याबरोबर शिरूरला आली. सरांनी उठून नमस्कार केला. आत्या म्हणाली, "सर, आमच्यामुळं तुमचा खोळंबा झाला. पण आता माझ्यासमोर काढा."

आम्ही बी कुटलं आणि काचेच्या यंत्रात लावलं. त्यात तेल ओढून घेणारा द्रव हळूहळू बियांवर चढतो, नळीच्या काठाला आला की सगळा एकदम खाली जातो, परत चढतो. आत्या स्टूल ओढून समोर बसली. "भरतंय... भरतंय... आलं काठाला... गेलं!" थोड्या वेळानं सगळा वर्गच तिच्याबरोबर ओरडायला लागला. दुसऱ्या प्रयोगाची पोरं आपलं काम सोडून आली. सर दारात उभे राहून हसत होते, कुणाला रागावले नाहीत.

दुपारी तेल हाती आलं. आयोडीन घालून अंधाऱ्या कपाटात ठेवलं, मग उरलेलं आयोडीन मोजायला वरून दुसरं द्रावण थेंब थेंब सोडायला घेतलं. स्टार्चनं निळं झालेलं पाणी फिकं होत गेलं, आणि एका थेंबाला काचेसारखं स्वच्छ. मी आकडा मांडला. भरपूर प्यायली होती. शंभर नंबरी करडई, जशी असायला पाहिजे तशी.

"साधीच आहे हो," सर म्हणाले. त्यांना थोडं वाईट वाटलंच असणार.

"साधीच आसूंद्या," आत्या म्हणाली. "पण सर, एक इचारते. तुम्ही हे एकेक तेल निराळं निराळं तपासताय. तसं निराळं खातंय कोण? माझ्या कढईत करडई बी आसती आन् शेंगदाणा बी. एकाची धार संपली की दुसऱ्याची."

सर माझ्याकडं बघायला लागले, मी सरांकडं. दुसऱ्याच दिवशी प्रोजेक्टला नवं प्रकरण जोडलं: घरोघरच्या कढईत प्रत्यक्षात जे मिसळलेलं तेल पडतं, त्यात ओलिक ॲसिड किती. राहिलेले आठवडे मी पाबळपासून दौंडच्या रेल्वे कॉलनीपर्यंत स्वयंपाकघरं पालथी घातली. जेवू घातल्याशिवाय एकाही घरानं सोडलं नाही.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या बाईंनी पानं उलटता उलटता ते दोन आलेख शोधून काढले. "करडईत शेंगदाणा आहे हे कुणी पकडलं?"

"मी," म्हटलं. का लाजायचं?

त्यांनी त्या शेपटीवर मला खूप वेळ पिळलं. एकही प्रश्न मी सोडला नाही. निकाल लागला तसा आधी घरी फोन केला, मग पाबळला.

"पास का?" आत्यानं विचारलं.

"फर्स्ट क्लास!"

"आन् करडई?"

"करडई पण पास."

फोन हातात तसाच धरून ती ओरडली, माझ्या कानठळ्या बसल्या. "अहो, ऐकलं का? दोघी पास!"