खाच की काच

रविवारी ज्ञानेश्वर पहाटे चारला उठला. आठवडाभर लेथवर उभा राहिलेला माणूस रविवारी झोपतो. पण इंग्लंडमधल्या लेस्टरबाहेर कॉलिनच्या शेतात ससे उजाडतानाच निघतात आणि कोबी फस्त करतात. गेल्या रविवारी त्याची गोळी लागून एक ससा लंगडत बिळात शिरला. कॉलिन म्हणाला, “पुन्हा असं झालं तर माझ्या शेतात यायचं नाही.” त्याचं बरोबर होतं. मारायचं तर एका गोळीत.

रायफलच्या नळीवर टोकाला दाणा, मागे खाच. दोन्ही जुळवून नेम धरायचा. दाणा स्पष्ट दिसला की ससा पुसट. ससा दिसला की दाणा गायब. म्हणून आज नेमबाजीच्या क्लबातल्या शशीनं आपली दुर्बीण बसवून दिली. आधी कागदावर मारून बघायचं ठरलं.

दुर्बिणीत कागद अगदी समोर आला. लगेच कडेनं काळी सावली सरकली. गोळ्या पाच दिशांना गेल्या.

“त्यापेक्षा खाच बरी,” ज्ञानेश्वर वैतागला.

“मागच्या आठवड्यात तिलाच शिव्या घालत होतास!”

दुर्बीण काढली. खाचेनंही तेच.

“अरे, हनुवटी वर का करतोस? न्हाव्यापुढे बसलायस का?” शशी म्हणाला.

ज्ञानेश्वर गोंधळला. लेथवर माप वाचताना मान मागे टाकून दुहेरी चष्म्याच्या खालच्या, जवळचं दाखवणाऱ्या भागातून बघायचं, ही दहा-बारा वर्षांची सवय. रायफलचा दस्ता गालाला लावला तरी मान तेच करत होती. दर वेळी डोळा वेगळ्याच जागी जात होता. त्या दिवशी त्यानं सशावर गोळी झाडली नाही.

नेमासाठी वेगळा चष्मा घ्यायला तो दुकानात गेला. तिथल्या मुलीनं विचारलं, “जवळचा हवा की लांबचा?”

“दोन्ही.”

“मग आहे तोच ठेवा.”

घरी बायको, मधुमती, म्हणाली, “अहो, ससे बघा कसे चष्म्याशिवाय तुम्हाला ओळखतात!”

दोन दिवस त्यानं दोन्ही बाजूंनी विचार केला. शेवटी लांबचा घेतला. त्यातून खाच अजिबात दिसेना, म्हणून पुन्हा शशीची दुर्बीण. चष्म्याला खालचा भागच नव्हता, त्यामुळे मान आपोआप खाली राहिली. कॉलिननं कागद हातात घेतला. भोकं एकमेकांना चिकटली होती.

“जा, मार ससे,” तो म्हणाला.

दुर्बीण खरंच चांगली, की डोळ्यांनी दुसरी वाट ठेवली नाही, हे ज्ञानेश्वरला आजही सांगता येत नाही. दुर्बीण घ्यायची म्हणून शनिवारी जादा काम करून जमवलेली मजुरी मात्र चष्म्यात गेली.