वंदनेत शिरलेला बँड

“अबे, बंद कर ना थे! काऊन वाजून राह्यलं?” मामा ओरडले. वारलेल्या काकाच्या जलदानविधीला अख्खं गाव हात जोडून उभं, आणि माझ्या फोनला जोडलेल्या स्पीकरातून वरातीचा बँड! आवाज असा, की नेरडीगोंड्याच्या हायवेवरचे ट्रकवाले उतरून नाचले असतील.

काकूला सगळं रीतसर हवं होतं. निर्मल शहरातल्या बौद्धाचार्यांना बोलाव, एवढंच तिनं मला सांगितलं होतं. मीच छाती फुगवून म्हटलं, “त्यायले काऊन तरास? माह्यं अ‍ॅप म्हणते ना वंदना! सारं तेलंगण डाउनलोड करून राह्यलं.” सारं तेलंगण म्हणजे मी आणि माझी बायको, तीही धाकानं.

ऐनवेळी बोट अ‍ॅपमधल्याच वरातीच्या गाण्यावर पडलं. तिथूनच घाईघाईनं वंदनेच्या स्क्रीनवर गेलो. स्क्रीनवरचं धम्मचक्र गरगर फिरू लागलं, वंदनाही सुरू झाली, पण आधीचा बँड थांबेना. त्रिशरणावर ताशा!

“नेटवर्क नाही, नेटवर्क!” मी म्हणालो.

“नेटवर्क नाही, तं वाजते कशानं बे?” मागून कोणीतरी बोललं. चारदोन माणसं खुदखुदली. काकूनं पदर तोंडाला लावला. ती हसत नव्हती.

पंगत बसली तेव्हा मी गोठ्याआड लॅपटॉप उघडला, कानात इअरफोन खुपसून. जुनी स्क्रीन पुरती बंद झाल्याचा निरोप आला की बँड थांबव, असं मी कोडात लिहिलं होतं. पण नव्या स्क्रीनला उसंत मिळाल्यावरच फोन तो निरोप देतो, आणि माझं चक्र तिला क्षणाची उसंत देत नव्हतं. शेवटी दहाएक सेकंद वाट पाहून फोननं आपणच निरोप धाडला, तेव्हा कुठे बँड थांबला होता. चक्र काढलं, बँड लगेच गप्प. परत लावलं, बँड रेंगाळला. ते चक्र आदल्या संध्याकाळी निव्वळ शोभेसाठी मीच बसवलं होतं, न तपासता.

माणसं पांगल्यावर काकूपुढे उभा राहिलो. वर बघवेना.

“काकू, नेटवर्क नव्हतं हे खोटं. चूक माहीच होती. आता स्क्रीन सोडली का आवाज तिथंच बंद होते. पाह्यतं का?”

ती सतरंजी झटकत होती.

“वर्ष झाल्यावरच्या कार्यक्रमाले बौद्धाचार्यांले सांगजो,” ती म्हणाली.